हार्लेमचे दोन पोलीस : ‘कॉटन कम्स टु हार्लेम’ आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न

चित्रपटातील प्रतिनिधित्वाची चर्चा बहुधा मोजणीपासून सुरू होते आणि पुष्कळदा मोजणीतच संपते. पडद्यावर कृष्णवर्णीय किती, स्त्रिया किती, त्यांतले बोलणारे किती, शेवटपर्यंत जिवंत राहणारे किती. ही मोजणी निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्यांना शंभर वर्षे पडद्याबाहेर ठेवले गेले त्यांच्या बाबतीत आकडा हाच पहिला पुरावा असतो. परंतु विनोदी चित्रपटाशी गाठ पडली की ही मोजणी अपुरी वाटू लागते. विनोदात माणूस असणे पुरेसे नसते. कोण हसतो, कोणाला हसतो आणि ते हसू कोणाच्या भरवशावर उभे आहे, हे पाहावे लागते. त्यात विनोदी पात्र पोलीस असेल तर प्रश्न आणखी बिकट होतो, कारण पोलिसाच्या हातात पिस्तूल असते आणि त्या पिस्तुलाचा इतिहास प्रेक्षकांतल्या सगळ्यांना सारखाच ठाऊक नसतो.

या दृष्टीने अमेरिकेतील एका चित्रपटाकडे आम्हाला पुन्हा पाहावेसे वाटते. ‘कॉटन कम्स टु हार्लेम’ हा चित्रपट १९७० मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक ऑसी डेव्हिस, निर्माते सॅम्युएल गोल्डविन ज्युनिअर, वितरक युनायटेड आर्टिस्ट्स. मूळ कादंबरी चेस्टर हाइम्स यांची. मारामाऱ्या, मोटारींचा पाठलाग, भोंदू धर्मगुरू, हरवलेले सत्याऐंशी हजार डॉलर आणि या सगळ्याच्या मागे धावणारे दोन कृष्णवर्णीय डिटेक्टिव्ह, असा हा मसाला आहे. पोलिसी मारधाडीचा विनोदी चित्रपट हा प्रकार पुढे ऐंशीच्या दशकात हॉलिवुडने भरपूर पिकवला. त्याआधीच आलेला हा चित्रपट त्या मानाने चर्चेत कमी असतो. आमचे म्हणणे थोडक्यात असे : नंतरच्या चित्रपटांनी कृष्णवर्णीय पोलिसाला मोठे केले, पण त्याला एकटे केले, आणि एकट्या माणसाला प्रतिनिधी करणे हे प्रतिनिधित्वाचे सर्वांत दुबळे रूप आहे.

तुरुंगातून पॅरिसपर्यंत

हाइम्स यांचा जन्म १९०९ मध्ये मिसुरी राज्यातील जेफर्सन सिटी येथे झाला. वडील कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत लोहारकाम आणि तत्सम हस्तव्यवसाय शिकवीत. एका स्फोटक प्रयोगात धाकट्या वयातल्या भावाचे डोळे गेले आणि जवळच्या गोऱ्यांच्या रुग्णालयाने त्याला दाखल करून घेतले नाही. ही आठवण हाइम्स यांना जन्मभर पुरली. ओहायो राज्य विद्यापीठातले शिक्षण अर्धवट राहिले, संगत बिघडली आणि १९२८ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, सशस्त्र दरोड्याबद्दल त्यांना वीस ते पंचवीस वर्षांची सक्तमजुरी झाली. प्रत्यक्षात साडेसात वर्षे भोगून १९३६ मध्ये ते सुटले. मधल्या काळात, १९३० मध्ये, ओहायोच्या त्या तुरुंगात लागलेल्या आगीत तीनशेहून अधिक कैदी कोठड्यांत जळून आणि गुदमरून मेले. हाइम्स त्या वेळी आत होते. त्यांची या आगीवरची कथा १९३४ मध्ये ‘एस्क्वायर’ मासिकात छापून आली.

म्हणजे ज्या लेखकाने पुढे अमेरिकन साहित्यातली कृष्णवर्णीय पोलिसांची सर्वांत प्रसिद्ध जोडी निर्माण केली, तो स्वतः पोलिसांच्या हातून पकडला जाऊन तुरुंगात लेखक झालेला माणूस होता. पोलिसांविषयी भाबडेपणा त्याच्यापाशी असणे शक्यच नव्हते.

चाळीसच्या दशकात हाइम्स लॉस एंजलिसमध्ये होते. युद्धकाळातील जहाजबांधणीच्या कारखान्यांतला वर्णद्वेष त्यांनी ‘इफ ही हॉलर्स लेट हिम गो’ (१९४५) या कादंबरीत मांडला. वॉर्नर ब्रदर्स या चित्रसंस्थेत संहिता वाचून सारांश करण्याचे काम त्यांना जवळजवळ मिळाले होते. मात्र कृष्णवर्णीय माणूस आपल्या आवारात नको, असे मालकांनीच म्हटल्यामुळे ते गेले, अशी आठवण त्यांनी सांगून ठेवली आहे. हॉलिवुडच्या दारातून परत गेलेल्या या लेखकाच्या कादंबरीवर पंचवीस वर्षांनी हॉलिवुडच्याच पैशाने चित्रपट निघावा, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

१९५३ मध्ये हाइम्स फ्रान्सला गेले. पैशांची सतत चणचण होती. ‘सेरी न्वार’ या रहस्यकथामालेचे संपादक मार्सेल द्युआमेल यांनी त्यांना पोलिसी कादंबरी लिहायला सुचवले. विचारांचे ओझे नको, प्रसंग हवेत, संवाद हवेत, माणसे चालती-बोलती दिसली पाहिजेत, अशी अट होती. १९५७ मध्ये पहिली कादंबरी आली आणि तिच्या फ्रेंच अनुवादाला १९५८ मध्ये फ्रान्समधला पोलिसी साहित्याचा मानाचा पुरस्कार मिळाला. कॉफिन एड जॉन्सन आणि ग्रेव्हडिगर जोन्स, म्हणजे एक शवपेटीवाला आणि दुसरा कबर खोदणारा, ही जोडी तिथून सुरू झाली. ‘कॉटन कम्स टु हार्लेम’ ही याच मालेतील कादंबरी आधी १९६४ मध्ये फ्रेंचमध्ये आणि १९६५ मध्ये इंग्रजीत निघाली. पॅरिसमध्ये बसून लिहिलेले हार्लेम हे खरे हार्लेम नव्हे, तसा आपला दावाही नव्हता, हे हाइम्स यांनी आत्मचरित्रात मोकळेपणाने मान्य केले आहे.

मराठी वाचकाचा कृष्णवर्णीय साहित्याशी परिचय तसा जुना आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या साहित्याची ओळख मराठीत करून दिली. तरी आमच्या स्वतःच्या वाचनात रिचर्ड राइट आणि जेम्स बाल्डविन आधी आले, हाइम्स फार उशिरा आले. याचे कारण शोधायला लांब जायला नको. बाबूराव अर्नाळकरांना ज्या कारणाने आपण अभ्यासक्रमाबाहेर ठेवले त्याच कारणाने हाइम्सही बाहेर राहिले. रहस्यकथा गंभीर नसते, आणि दुःखाचे साहित्य गंभीरच असले पाहिजे, हे दोन समज एकत्र आले की हाइम्स यांच्यासारख्या लेखकाला जागाच उरत नाही.

गणवेश आणि वस्ती

हाइम्स यांच्या जोडीचे वेगळेपण कळण्यासाठी हार्लेममधल्या पोलिसाचा इतिहास थोडा पाहायला हवा. एकत्रित न्यूयॉर्क शहराच्या पोलीस दलात पहिला कृष्णवर्णीय शिपाई १९११ मध्ये नेमला गेला. त्यांचे नाव सॅम्युएल बॅटल. ठाण्यातले गोरे सहकारी सुरुवातीला त्यांच्याशी एक शब्द बोलत नसत. बॅटल पुढे सार्जंट झाले, लेफ्टनंट झाले. कवी लँग्स्टन ह्यूज यांनी त्यांचे चरित्र लिहायला घेतले होते, परंतु ते दोघांच्याही हयातीत प्रसिद्ध झाले नाही. कृष्णवर्णीय पोलिसाची खरी गोष्ट छापायला कोणी तयार नव्हते आणि काल्पनिक गोष्ट मात्र पॅरिसमधून खपत होती, असे हे चित्र आहे.

दुसरीकडे हार्लेमने पोलिसांची गोळीही पाहिली होती. १९४३ मध्ये एका गोऱ्या पोलिसाने कृष्णवर्णीय सैनिकाला गोळी घातली आणि दंगल उसळली. जुलै १९६४ मध्ये जेम्स पॉवेल हा पंधरा वर्षांचा मुलगा कामावर नसलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीने मारला गेला आणि हार्लेम पुन्हा पेटले. कादंबरीचा फ्रेंच अवतार याच वर्षीचा आहे. १९६७ च्या देशभरच्या दंगलींनंतर नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ मध्ये जो अहवाल दिला त्यात पोलीस दलात कृष्णवर्णीयांची भरती वाढवावी अशी शिफारस होती. म्हणजे ‘आपला माणूस गणवेशात’ हा सरकारी उपाय होता आणि वस्तीच्या दृष्टीने तीच शंकेची जागा होती.

हाइम्स यांचे डिटेक्टिव्ह याच फटीत उभे आहेत. पहिल्याच कादंबरीत कॉफिन एडच्या चेहऱ्यावर ॲसिड फेकले जाते आणि तो जळका चेहरा घेऊन तो उरलेल्या कादंबऱ्यांतून वावरतो. दोघांजवळ लांब नळीची, निकेलचा मुलामा दिलेली पिस्तुले आहेत आणि ती ते सढळपणे वापरतात. त्यांच्यावरचा लेफ्टनंट गोरा आहे. इतक्या कादंबऱ्या झाल्या तरी दोघांना बढती मिळत नाही. हार्लेम त्यांना भिते, त्यांच्यावर विसंबते आणि त्यांना शिव्याही देते. त्यांच्या हिंसेचे समर्थन हाइम्स करीत नाहीत आणि तिला झाकूनही ठेवीत नाहीत.

आफ्रिकेला जाणारे जहाज

कथानक असे. डीक ओ’मॅली हा स्वतःला धर्मगुरू म्हणवणारा देखणा भामटा हार्लेमच्या गरिबांना आफ्रिकेत परत नेण्याचे स्वप्न विकतो. कादंबरीत सत्याऐंशी कुटुंबे प्रत्येकी एक हजार डॉलर देतात. भर सभेत दरोडा पडतो, पैसा पळवला जातो, पाठलागात मोटारीतून कापसाची एक गासडी रस्त्यावर पडते आणि पैसा त्या गासडीत दडलेला असतो. गासडी सापडते एका म्हाताऱ्या भंगारवाल्याला.

या थट्टेच्या मागे खरा इतिहास आहे. मार्कस गार्वी यांनी १९१९ मध्ये ‘ब्लॅक स्टार लाइन’ ही जहाज कंपनी काढली. हजारो गरीब कृष्णवर्णीयांनी तिचे भाग घेतले. कंपनी बुडाली. गार्वी यांना टपालाद्वारे फसवणूक केल्याबद्दल १९२३ मध्ये दोषी ठरवले गेले आणि १९२७ मध्ये अमेरिकेबाहेर पाठवले गेले. गार्वी भामटे नव्हते. त्यांच्यामागे सरकारी यंत्रणा हात धुऊन लागली होती, हे आता सर्वमान्य आहे. पण फसल्याची आठवण वस्तीत उरतेच. ओ’मॅलीच्या पात्रात ती आठवण आणि त्या स्वप्नाची ओढ दोन्ही आहेत. सभेतले लोक मूर्ख म्हणून दाखवलेले नाहीत. ज्या देशाने आपल्याला घर दिले नाही तो सोडून जावेसे वाटणे यात हसण्यासारखे काही नाही. हसू येते ते त्या इच्छेचा धंदा करणाऱ्याचे.

आणि ती गासडी. दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलामांनी वेचलेला कापूस उत्तरेतल्या महानगराच्या मधोमध, डांबरी रस्त्यावर येऊन पडतो. तो इथे कशासाठी आला हे कोणालाच समजत नाही आणि तो काय आहे हे मात्र प्रत्येकाला माहीत आहे. हाइम्स यांना यावर भाष्य करावे लागत नाही. गासडी फक्त एका हातातून दुसऱ्या हातात जात राहते.

ऑसी डेव्हिस यांनी काय केले

डेव्हिस हे नट आणि नाटककार. जॉर्जियात जन्मलेले. मॅल्कम एक्स यांच्या अंत्यविधीला १९६५ मध्ये त्यांनी केलेले भाषण प्रसिद्ध आहे. गोऱ्या वर्चस्वाची टर उडवणारे ‘पर्ली व्हिक्टोरियस’ हे नाटक त्यांनी १९६१ मध्ये रंगभूमीवर आणले होते. तेव्हा हसणे आणि शोक करणे या दोन्ही गोष्टी समाजासमोर कशा कराव्यात हे त्यांना ठाऊक होते. ‘कॉटन’ हा त्यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. मोठ्या चित्रसंस्थेच्या पैशावर कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने चित्रपट करणे ही त्या वेळी नवलाई होती. गॉर्डन पार्क्स यांचा ‘द लर्निंग ट्री’ जेमतेम वर्षभरापूर्वी, १९६९ मध्ये आला होता. त्याच १९६९ मध्ये केंद्रीय समान रोजगार आयोगाने लॉस एंजलिसमध्ये सुनावण्या घेऊन चित्रसंस्थांच्या नोकरभरतीतील भेदभाव उघड केला होता. पडद्यावरच्या चेहऱ्यांपेक्षा पडद्यामागचे चेहरे हा प्रश्न तेव्हाही होता, आणि डेव्हिस यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी ‘थर्ड वर्ल्ड सिनेमा’ ही संस्था काढली ती कृष्णवर्णीय आणि पोर्टोरिकन तरुणांना तंत्रज्ञ म्हणून तयार करण्यासाठीच.

चित्रपटाचे चित्रीकरण हार्लेममध्ये झाले. सुरुवातीलाच ओ’मॅलीची आलिशान रोल्स रॉइस वस्तीतल्या रस्त्यांवरून जाते. एका चौकटीत मोटार आणि रस्ता, आशा आणि दारिद्र्य, दोन्ही दिसतात. संगीत ‘हेअर’ या नाटकाचे संगीतकार गॉल्ट मॅकडरमॉट यांचे. ग्रेव्हडिगर झाले गॉडफ्री केंब्रिज, कॉफिन एड झाले रेमंड सेंट जॅक्स. एक स्थूल, मिस्कील. दुसरा ताठ, तापट. ओ’मॅली झाले बहामात जन्मलेले कॅल्विन लॉकहार्ट. भंगारवाल्या अंकल बडच्या भूमिकेत रेड फॉक्स आहेत. १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवर आलेल्या ‘सॅनफर्ड अँड सन’ या मालिकेत त्यांनी पुन्हा भंगारवालाच रंगवला आणि तो घरोघर पोहोचला.

आता या पात्रांची यादी नुसती चाळून पाहावी. पोलीस कृष्णवर्णीय, चोर कृष्णवर्णीय, भोंदू गुरू, त्याची हुशार प्रेयसी, फसलेले भाविक, भंगारवाला, उपद्व्यापी पोरे, क्रांतीच्या घोषणा देणारे तरुण, सगळे कृष्णवर्णीय. परिणामी कोणाही एकावर साऱ्या समाजाची अब्रू सांभाळण्याची जबाबदारी येत नाही. ओ’मॅली लबाड आहे म्हणून ‘हे लोक लबाड असतात’ असे म्हणता येत नाही, कारण त्याला पकडणारेही ‘हेच लोक’ आहेत, आणि त्याला फसणारेही. विविधता हा शब्द आपण नेहमी दोन समाजांमधल्या फरकासाठी वापरतो. डेव्हिस यांचा चित्रपट ती एका समाजाच्या आत दाखवतो. आमच्या मते हे त्याचे सर्वांत मोठे काम आहे.

चित्रपटात एक प्रश्न पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तोंडी येतो : हे तुझ्या लेखी पुरेसे कृष्णवर्णीय आहे का? कधी तो घोषणा होतो, कधी टोमणा, कधी नुसती गंमत. पुढे २०२२ मध्ये एल्व्हिस मिचेल यांनी सत्तरच्या दशकातील कृष्णवर्णीय चित्रपटांवर माहितीपट केला तेव्हा त्याला याच प्रश्नाचे नाव दिले. प्रामाणिकपणाची ही परीक्षा कोण घेतो आणि कोण देतो? चित्रपट तिची चेष्टा करतो, कारण हा प्रश्न मोठ्याने विचारणाऱ्यांत ओ’मॅलीसारखा भामटा आहे. अस्मितेची भाषा ही सच्चेपणाची हमी नसते, ही गोष्ट १९७० मध्ये, अस्मितेच्या भर बहरात, आपल्याच लोकांसमोर हसत हसत सांगणे सोपे नव्हते.

काय गळले

तरीही हा चित्रपट निर्दोष आहे असे आम्ही म्हणणार नाही. कादंबरीतला सर्वांत धारदार उपरोध चित्रपटात आलेला नाही. हाइम्स यांच्या कादंबरीत कर्नल काल्हून हा दक्षिणेतला गोरा ओ’मॅलीच्या ‘आफ्रिकेला चला’ चळवळीसमोर आपली ‘दक्षिणेला परत चला’ चळवळ उघडतो. हार्लेमच्या भर रस्त्यावर कचेरी थाटून तो कृष्णवर्णीयांना कापूस वेचण्याचे सुख पुन्हा देऊ करतो. एका बाजूला न पाहिलेली आफ्रिका, दुसऱ्या बाजूला पुरेपूर पाहिलेली दक्षिण, आणि मध्ये हार्लेम. शेवटी हे डिटेक्टिव्ह काल्हूनकडूनच सत्याऐंशी हजार डॉलर वसूल करून लोकांचे पैसे परत करतात. चित्रपटात काल्हून राहतो तो केवळ एक गोरा गुंड म्हणून, आणि भरपाई करावी लागते ती माफियाच्या म्होरक्याला. गुलामगिरीचा वारस ज्या पैशांची परतफेड करतो ती गुंडाने केली की तोच आकडा राहतो, अर्थ मात्र निघून जातो. दोन्हींत अंकल बड मूळ रक्कम घेऊन आफ्रिकेत पोहोचतो. आफ्रिकेला चला म्हणणाऱ्या चळवळीतून प्रत्यक्षात तिथे गेलेला तो एकटाच.

दुसरी उणीव स्त्रियांच्या चित्रणाची. ओ’मॅलीची प्रेयसी आयरिस (जूडी पेस) ही अत्यंत चलाख. पहाऱ्यावरच्या गोऱ्या पोलिसाला ती भुलवते, त्याचे कपडे उतरवायला लावते, डोक्यावर कागदी पिशवी घालायला लावते आणि निसटते. प्रेक्षागृह पोलिसावर हसते. परंतु ते हसू मिळवण्यासाठी कॅमेरा त्या पोलिसाइतकाच अधाशीपणे आयरिसकडे पाहतो. कादंबरीत तर चौकशीच्या वेळी या डिटेक्टिव्हांकडून तिला मारही बसतो. वर्णाच्या प्रश्नावर इतकी सूक्ष्म दृष्टी असलेल्या कृतीला हे दिसू नये, यातून एवढेच दिसते की एका अन्यायाचे भान दुसऱ्या अन्यायाचे भान आपोआप आणत नाही.

तिसरी गोष्ट पोलिसांच्या हिंसेची. कादंबरीत ती अंगावर येते. चित्रपटात ती सर्कशीसारखी होते. हाइम्स यांना स्वतःला या जोडीवरचा विश्वास टिकवता आला नाही. ‘ब्लाइंड मॅन विथ अ पिस्टल’ (१९६९) या पुढच्या कादंबरीत गुन्ह्यांचा उलगडाच होत नाही. शेवटाकडे हे दोन पोलीस पाडल्या जाणाऱ्या इमारतींतून पळणाऱ्या उंदरांवर गोळ्या झाडत उभे राहतात. अपूर्ण राहिलेली ‘प्लॅन बी’ १९८३ मध्ये फ्रेंचमध्ये आणि १९९३ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली. तिच्यात ग्रेव्हडिगर आपल्या जोडीदारालाच मारतो आणि स्वतःही वाचत नाही. लोकांच्या बाजूचा पोलीस ही कल्पना तिच्या निर्मात्याने शेवटी अशी मोडीत काढली. चित्रपटाचा आनंद घेताना हे विसरता येत नाही.

जोडीतून एकटेपणाकडे

हाइम्स यांचे निधन १२ नोव्हेंबर १९८४ रोजी स्पेनमध्ये झाले. त्यानंतर तीन आठवड्यांनी, ५ डिसेंबरला, ‘बेव्हर्ली हिल्स कॉप’ प्रदर्शित झाला आणि त्याने अमेरिकेत वीस कोटी डॉलरहून अधिक धंदा केला. योगायोगाला अर्थ चिकटवू नये हे खरे, पण ही दोन तारखांची शेजारशेजारची नोंद एका काळाचा शेवट आणि दुसऱ्याचा जम बसणे दाखवते.

एडी मर्फी यांचा ॲक्सल फोली हा डेट्रॉइटचा पोलीस. मित्राच्या खुनाचा माग काढत तो कॅलिफोर्नियातल्या अतिश्रीमंत, गोऱ्या बेव्हर्ली हिल्समध्ये येतो. भूमिका आधी सिल्व्हेस्टर स्टॅलोन करणार होते. म्हणजे ती कृष्णवर्णीय म्हणून लिहिलेलीच नव्हती. चित्रपटातला वर्ण बराचसा मर्फी यांच्या अभिनयातून आला. सर्वांना आठवणारा प्रसंग हॉटेलमधला. खोली शिल्लक नाही असे ऐकताच फोली भर दिवाणखान्यात वर्णभेदाचा आरोप मोठ्याने करतो आणि हॉटेलवाले लाजेने त्याला खोली देतात. प्रसंग विलक्षण हसवतो. पण तो विनोद कशावर चालतो ते पाहावे. फोलीचा आरोप ही थाप आहे. कर्मचाऱ्यांनी त्याला वर्णावरून नाकारलेले नाही. म्हणजे जो आरोप खऱ्या आयुष्यात असंख्य वेळा खरा होता, तो इथे युक्ती म्हणून वापरला जातो. कृष्णवर्णीय प्रेक्षक त्यात सूड पाहून हसला असेल. गोरा प्रेक्षक ‘हे असे आरोप करून कामे काढतात’ म्हणूनही हसला असेल. एकच हसू, दोन अर्थ, आणि दोघांनी तिकीट काढलेले. हार्लेमच्या चित्रपटात असे दुहेरी हसू अवघड होते, कारण तिथे हसणाऱ्यांची पहिली रांग वस्तीतलीच होती.

अर्थात फोली हे पात्र दुबळे नाही. तो सर्वांत हुशार आहे, निर्भय आहे, गोऱ्या पोलिसांना तो माणुसकी आणि थोडी लबाडी दोन्ही शिकवतो. त्याचा डेट्रॉइटमधला वरिष्ठ इन्स्पेक्टर टॉड ही भूमिका गिल्बर्ट हिल या खऱ्याखुऱ्या डेट्रॉइटच्या पोलीस अधिकाऱ्याने केली; ते पुढे तेथील नगर परिषदेचे अध्यक्ष झाले आणि २००१ मध्ये महापौरपदाची निवडणूक लढवून हरले. हा इतिहास मोठा आहे. १९६७ च्या उठावात डेट्रॉइटमध्ये त्रेचाळीस माणसे मेली. १९७४ मध्ये कोलमन यंग हे त्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर म्हणून कामावर आले. पोलीस दलात कृष्णवर्णीयांना जागा मिळावी म्हणून तिथे दीर्घ संघर्ष झाला. फोलीसारखा पोलीस त्या संघर्षाखेरीज संभवतच नाही. परंतु पहिल्या काही मिनिटांनंतर चित्रपट डेट्रॉइट मागे टाकतो. फोली ज्या लोकांतून आला ते लोक पडद्यावरून जातात आणि उरतो तो एकटा, गोऱ्यांच्या गावातला पाहुणा. त्याआधीच्या ‘४८ अवर्स’ (१९८२) मध्ये तर मर्फी कैदी होते आणि पोलिसाचा बिल्ला तात्पुरता उसना घेऊन दरारा गाजवत होते. ‘लीथल वेपन’ (१९८७), ‘रश अवर’ (१९९८) यांतही जोडी असते ती वेगवेगळ्या वर्णांची, आणि भिन्नता हाच विनोदाचा कच्चा माल असतो. दोघे कृष्णवर्णीय पोलीस असलेली ‘बॅड बॉइज’ची जोडी १९९५ मध्ये गाजली, पण तिच्याभोवती हार्लेमसारखी नांदती वस्ती नाही; आहे ती मायामीची ऊन खाणारी चकचकीत पार्श्वभूमी.

मोजणी केली तर ही सारी प्रगतीच आहे. केंब्रिज आणि सेंट जॅक्स यांची नावे आज थोड्यांना आठवतात, मर्फी मात्र जगाला माहीत झाले. फोली २०२४ मध्ये पुन्हा पडद्यावर आला. त्या दोन टोकांमध्ये २०२० चा मे महिना येऊन गेला होता. मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाने खून केल्यावर ‘ब्रुकलिन नाइन-नाइन’ या पोलिसी विनोदी मालिकेच्या लेखकांनी तयार झालेल्या संहिता टाकून दिल्या आणि २०२१ मध्ये मालिका संपवली. त्या मालिकेत चेहऱ्यांची विविधता भरपूर होती. तरी पोलीस कोणावर हसतो आणि कोण पोलिसाला भितो हा प्रश्न चेहरे मोजून सुटला नव्हता.

साहित्याच्या वर्गात आम्ही ही कादंबरी आणि हा चित्रपट शेजारी ठेवून वाचतो तेव्हा विद्यार्थी हमखास विचारतात, की हे पोलीस चांगले की वाईट. हाइम्स यांचे उत्तर ठरलेले नाही, डेव्हिस यांचे थोडे सौम्य आहे. आम्ही त्यांना उलट एक प्रश्न देतो : या चित्रपटातल्या कृष्णवर्णीय माणसांपैकी कोणाची बाजू कोण घेतो, कोण कोणाला फसवतो, कोण कोणावर हसतो, याची यादी करा. यादी लांबत जाते. मग तोच प्रश्न घेऊन ‘बेव्हर्ली हिल्स कॉप’कडे वळा. तिथे यादी पहिल्या ओळीतच थांबते, कारण ज्याच्याशी भांडावे, ज्याला फसवावे, ज्याच्यावर विसंबावे, असे दुसरे कृष्णवर्णीय माणूस फोलीच्या आसपास क्वचितच असते.